आठवड्याचे वीस तास

डब्लिन, कॉर्क, गॉलवे, लिमरिक इथे मास्टर्स करायला आलेल्या मराठी मुलामुलींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सप्टेंबर लागला की एकच प्रश्न फिरू लागतो : पार्ट-टाइम कुठे मिळेल? उत्तरंही ठरलेली असतात. सीव्ही वाटत फिर, ओळखीतून बघ, बाकी नशीब. नशीब लागतंच, पण त्याआधी आयर्लंडची पद्धत कळावी लागते. कायद्याने हातात ठरावीक तास येतात आणि त्या तासांचा पैसा पूर्ण पदरात पडायचा तर कागद एका क्रमाने व्हावे लागतात. क्रम चुकला की काम मिळूनही पहिला पगार जवळजवळ निम्म्यावर येतो.

तासांचा हिशेब

युरोपीय संघाबाहेरून पूर्णवेळ शिकायला आलेल्याला, त्याचा अभ्यासक्रम सरकारच्या मान्य यादीत असेल तर, ‘स्टॅम्प टू’ ही परवानगी मिळते. तिच्यावर एरवी आठवड्याला २० तास काम करता येतं. जून ते सप्टेंबर हे चार महिने आणि १५ डिसेंबर ते १५ जानेवारी या काळात ४० तास. या तारखा सगळ्यांना सारख्याच. तुमच्या कॉलेजला मधेच आठवडाभर सुट्टी असली तरी मर्यादा वीसचीच राहते. दोन ठिकाणी काम केलंत तर दोन्हीकडचे तास एकत्र धरायचे. या आठवड्यात बारा झाले म्हणून पुढच्यात अठ्ठावीस, अशी उधारीही चालत नाही. ‘स्टॅम्प टू ए’ असलेल्याला मात्र काम करताच येत नाही. प्रवेश घेण्याआधीच हे तपासलेलं बरं.

खरी अडचण नाताळच्या तोंडावर येते. दुकानं ऑक्टोबरपासून नाताळची भरती सुरू करतात आणि गर्दी नोव्हेंबरच्या अखेरीस उसळते. तुमची ४० तासांची मुभा मात्र १५ डिसेंबरला सुरू होते. मॅनेजर ‘अजून एक शिफ्ट घेशील का?’ विचारतो तेव्हा नाही म्हणणं जड जातं. म्हणून मुलाखतीतच स्पष्ट सांगावं : चौदा तारखेपर्यंत वीस तास, पंधरापासून चाळीस. ज्याला वेळापत्रक लावायचंय त्याला हे आधी कळलेलं आवडतं.

आता पैसे. १ जानेवारी २०२६ पासून किमान वेतन ताशी १४.१५ युरो आहे. वीस तासांचे २८३ युरो झाले. १८ वर्षांच्या मुलाला याच्या ८० टक्के आणि १९ वर्षांच्याला ९० टक्के देण्याची कायद्यात मुभा आहे. मास्टर्सच्या विद्यार्थ्याला पूर्ण दर लागू होतो. या रकमेत किराणा, बस आणि भाड्याचा बराच भाग निघतो. फी निघत नाही. फीचं गणित घरूनच करून यावं.

कागदांचा क्रम

पहिला कागद म्हणजे रहिवासाचं आयआरपी कार्ड. आल्यापासून ९० दिवसांच्या आत नोंदणी करायची असते आणि तिची फी ३०० युरो आहे. डब्लिनकरांना त्यासाठी बर्ग की इथल्या कार्यालयात जावं लागतं. ‘स्टॅम्प टू’ या कार्डावरच लिहिलेला असतो, त्यामुळे ते पाहिल्याशिवाय शहाणा मालक रुजू करून घेत नाही. अपॉइंटमेंट लांबची मिळू शकते. म्हणून पोचल्या पोचल्या आधी हेच काम.

दुसरा, पीपीएस नंबर. सात आकडे आणि शेवटी एक-दोन अक्षरं असलेला हा क्रमांक समाजकल्याण खात्याकडून मिळतो, अर्ज ऑनलाइन होतो. पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा आणि ‘नंबर कशासाठी हवा’ याचं कारण, अशा तीन गोष्टी मागतात. अनेकजण इथेच अडतात : नंबर नाही म्हणून काम शोधत नाहीत, आणि काम नाही म्हणून नंबरासाठी दाखवायला कारण नाही. पण नोकरीसाठी अर्ज करायला हा नंबर लागत नाही. आधी काम शोधा, मालकाकडून ‘याला नोकरी देत आहोत’ असं पत्र घ्या आणि ते अर्जाला जोडा. घराचं बिल तुमच्या नावावर नसेल तर ज्याच्या नावावर आहे त्याचं बिल आणि ‘हा माझ्याकडे राहतो’ अशी त्याची चिठ्ठी चालते.

तिसरी पायरी बहुतेकजण विसरतात : रेव्हेन्यू, म्हणजे इथलं कर खातं. पीपीएस नंबर आला की रेव्हेन्यूच्या ‘मायअकाउंट’वर नाव नोंदवून आपली नवी नोकरी स्वतः तिथे टाकायची. नाही टाकली तर मालकाला ‘इमर्जन्सी टॅक्स’ कापणं भाग पडतं. नंबरच दिलेला नसेल तर पहिल्या युरोपासून ४० टक्के आयकर आणि वर ८ टक्के यूएससी हा अधिभार. २८३ युरोंतून ११३.२० आणि २२.६४ वजा जाऊन हातात १४७.१६ युरो उरतात.

नोंदणी झाली की चित्र पालटतं. एकट्या नोकरदाराला वर्षाला २,००० आणि २,००० अशा ४,००० युरोंच्या करसवलती असतात. त्यामुळे २०,००० युरोंपर्यंतच्या पगारावर आयकर बसत नाही. आठवड्याचा पगार ३५२ युरोंच्या वर गेला नाही तर पीआरएसआय हा सामाजिक विम्याचा हप्ता कापला जात नाही आणि वर्षाची कमाई १३,००० युरोंच्या आत राहिली तर यूएससीही माफ. म्हणजे सत्राच्या आठवड्यांत जवळपास सगळे २८३ युरो हातात येतात. आधी जास्तीचा कापला गेलेला करही पुढच्या पगारात परत मिळतो. फक्त नोंदणी तुम्ही करायची, ती आपोआप होत नाही.

काम मिळतं कुठे

दुकानांचे दोन प्रकार ओळखा. टेस्को, लिडल, आल्डी यांची भरती ऑनलाइन चालते. काउंटरवर दिलेला कागद तिथे कुणाच्या उपयोगाचा नसतो. सेंट्रा, सुपरव्हॅल्यू, स्पार यांची पाटी सगळीकडे सारखी दिसली तरी बरीचशी दुकानं त्या त्या गावातल्या मालकाची असतात. नोकरी द्यायची की नाही हे ठरवणारा माणूस तिथेच शेल्फ लावत उभा असतो. अशा ठिकाणी स्वतः जाण्याला अर्थ आहे.

जायचं कधी, हेही महत्त्वाचं. अशा दुकानांचा जीव डेली काउंटरमध्ये, म्हणजे तयार खाण्याच्या काउंटरमध्ये असतो. सकाळी ब्रेकफास्ट रोल, दुपारी चिकन फिलेट रोल, आणि बारा ते दोन तिथे रांग. त्या वेळी सीव्ही पुढे केलात तर तो कागदांच्या ढिगात जातो. साडेदहाच्या सुमारास किंवा तीननंतर जा, मॅनेजरला विचारा आणि कागद त्याच्याच हातात द्या.

सीव्ही एकच पान. फोटो, जन्मतारीख, लग्न झालंय का, वडिलांचं नाव यातलं काही नको. वरती आयरिश मोबाइल नंबर आणि एअरकोडसह (इथला पिनकोड) पत्ता, कारण तुम्ही किती जवळ राहता हे मॅनेजर आधी बघतो. सकाळी सहाला दुकान उघडायचं आणि तुमची पहिली बस त्यानंतरची, तर विषयच संपला. त्याखाली ‘स्टॅम्प टू’ असा स्पष्ट उल्लेख आणि वारानुसार मोकळ्या वेळा : सोमवारी चारनंतर, बुधवारी पूर्ण दिवस, शनिवार-रविवार कधीही. पदवीतल्या प्रोजेक्टपेक्षा या चार ओळी जास्त काम करतात. शाकाहारी घरातून आलेल्यांनी एक प्रश्न स्वतःला आधीच विचारावा : डेलीवर बेकन, सॉसेज हाताळावं लागेल, चालेल का? चालणार नसेल तर गल्ला किंवा शेल्फचं काम मागून घ्यावं. रुजू झाल्यावर सांगणं अवघड होतं.

काही कामांना वेगळा परवाना लागतो. सुरक्षारक्षकाला प्रायव्हेट सिक्युरिटी अथॉरिटीचं लायसन्स, वृद्धांच्या सेवेसाठी पोलिसांची म्हणजे गार्डांची पडताळणी आणि बहुधा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, बांधकामावर सेफ पास. विद्यापीठातली कामं, म्हणजे ग्रंथालय, नव्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन, प्रयोगशाळेत मदत, ही तासांनी थोडी असली तरी जाण्यायेण्याचा वेळ वाचवतात. आपल्या विभागात विचारायला लाजू नये.

सायकलवरून जेवण पोचवण्याचं काम सोपं वाटतं, पण ते बहुधा स्वयंरोजगार धरलं जातं आणि ‘स्टॅम्प टू’वर स्वयंरोजगाराला परवानगी नाही. दुसऱ्याचं अकाउंट भाड्याने घेऊन काम करणं तर थेट संकटाला आमंत्रण. २०२३ मध्ये आयर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात डॉमिनोजची फ्रँचायझी चालवणाऱ्या कंपनीचे पिझ्झा पोचवणारे ड्रायव्हर करापुरते कर्मचारीच ठरवले. त्या निकालाने अ‍ॅपवर स्वतःचं खातं काढणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र संरक्षण मिळतं असं समजू नये.

रुजू झाल्यावर

पहिल्या पाच दिवसांत मालकाने मुख्य अटी लेखी द्यायच्या असतात : त्याचं नाव-पत्ता, पगाराचा दर, दिवसाला आणि आठवड्याला अपेक्षित तास वगैरे. दर पगाराला पे-स्लिप मिळायलाच हवी. ‘ट्रायल’ म्हणून दुकानाची कामं करून घेतली तर त्या तासांचेही पैसे मागावेत. साडेचार तासांहून जास्त काम असेल तर १५ मिनिटांची विश्रांती, सहाहून जास्त असेल तर एकूण ३०. केलेल्या तासांच्या ८ टक्के भरपगारी रजा पार्ट-टाइमवाल्यालाही जमते. २०० तास भरले की १६ तास रजा. मागच्या पाच आठवड्यांत ४० तास भरले असतील तर सार्वजनिक सुट्टीचाही लाभ मिळतो. रविवारी काम करायला लावलं तर त्याचा काही जादा मोबदला द्यावा, असं १९९७ चा कायदा सांगतो. हॉटेलात टिप कशा वाटल्या जातात याची पाटी लावणं २०२२ च्या कायद्याने बंधनकारक आहे.

‘रोख देतो, कागद नको’ म्हणणारा भेटतोच, कधी कधी आपल्याच देशातला. त्यात ना रजा, ना तासांचा पुरावा. पगार बुडाला तर दाखवायला काही उरत नाही. नोंदीवरच्या कामात पैसे थकले तर वर्कप्लेस रिलेशन्स कमिशनकडे सहा महिन्यांच्या आत तक्रार करता येते. म्हणून रोजचे तास आपल्या वहीत किंवा फोनमध्ये लिहून ठेवायची सवय लावावी आणि पे-स्लिपशी ताडून पाहावेत.

परीक्षेच्या महिन्यात तास कमी करून मागितले तर बरेच मॅनेजर ऐकतात, पण रोटा, म्हणजे शिफ्टचं वेळापत्रक, लागण्याआधी सांगावं लागतं. हजेरी घसरली तर कार्डाच्या नूतनीकरणाला अडथळा येतो. आणि मास्टर्स वेळेवर पूर्ण झालं की ‘स्टॅम्प वन जी’वर दोन वर्षांपर्यंत पूर्णवेळ नोकरी करता येते. तेव्हा ताशी मिळकतीचा आकडाही बदलतो आणि कामाचा प्रकारही. सत्रातले वीस तास ती पदवी हाती येईपर्यंत निभावून नेण्यासाठी असतात. एखादी शिफ्ट त्या पदवीच्या आड येऊ लागली, तर ती शिफ्ट सोडून द्यावी.