'वाइड' : रुंदी की अंतर?

इंग्रजीतील 'वाइड' आणि 'ब्रॉड' या दोन विशेषणांना आपण सहसा 'रुंद' म्हणून मोकळे होतो. इंग्रजी भाषक मात्र हे शब्द सरसकट एकमेकांच्या जागी वापरत नाही. नदी किंवा रस्ता दोन्ही असू शकतो. पण खांदे आणि पाठ 'ब्रॉड', तर उघडलेले डोळे, तोंड आणि दार 'वाइड'. 'ब्रॉड' दोन कडांमधला भरीव पृष्ठभाग सांगतो. 'वाइड' त्या कडा एकमेकींपासून किती दूर आहेत हे सांगतो. नेम चुकवून गेलेला बाण आणि फलंदाजाच्या आवाक्याबाहेरून गेलेला चेंडू 'वाइड' का, हे यावरून उमगते. (क्रिकेटपुरता हा शब्द मराठीने भाषांतर न करता घेतला, हे शहाणपणाचेच झाले.)

ही अंतराची जाणीव जुनी आहे. 'एक्सेटर बुक' या हस्तलिखितातील प्राचीन इंग्रजी काव्याचा निवेदक 'विडसिथ' हा नावाप्रमाणे दूरदूरचा प्रवासी आहे. 'अलग, दूर' या अर्थाच्या ज्या मूळ घटकाशी 'वाइड' जोडला जातो, तोच संस्कृत 'वि' या उपसर्गात असल्याचे मानले जाते. पाणिनी तर 'विशाल' हा शब्द थेट 'वि'पासूनच साधतो (५.२.२८). म्हणजे 'विशाल'च्या मुळाशीही दुरावा आहे. मराठीत येईतो तो भव्यतेत विरून गेला.

मराठीपाशी शब्दांची वानवा नाही. दार सताड उघडे, डोळे विस्फारलेले, पाय फाकलेले, कापडाचा पन्हा मोठा. परंतु यांतला प्रत्येक शब्द आपापल्या वस्तूला बांधलेला आहे. या साऱ्यांना कवेत घेणारे, निव्वळ अंतर सांगणारे विशेषण शोधू लागलो की हाती 'विस्तीर्ण', 'विशाल', 'अथांग' येतात.

जीन ऱ्हिस यांच्या १९६६ मधील 'वाइड सारगासो सी' या कादंबरीच्या शीर्षकाशी ही अडचण प्रत्यक्ष भिडते. 'जेन एअर'मधील (१८४७) माडीवर कोंडलेल्या स्त्रीला ऱ्हिस यांनी कॅरिबियन बेटांवरचे पूर्वायुष्य दिले. नवरा अँटोनेटला 'बर्था' म्हणू लागतो, पुढे इंग्लंडला नेतो. शीर्षकातील समुद्र या दोन जगांमधला आहे. 'विशाल सारगासो समुद्र' असे म्हटले की समुद्र भव्य होतो आणि तिचा दुरावा नाहीसा होतो.

एका सत्रात वर्गात हेच शीर्षक भाषांतराला दिले होते. कोणी 'दुस्तर' सुचवला. ओलांडण्याचा भाव त्यात आहे खरा. पण तो येताना भवसागर आणि तारणहार घेऊन येतो, आणि अँटोनेटला तारणारे कोणी नाही. दुसऱ्या एका विद्यार्थिनीने 'ऐलतीर-पैलतीर' ही जोडी पुढे केली. अंतर सांगायला मराठीत याहून नेमके काही मला तरी सुचत नाही. मात्र सारगासो समुद्राला भूमीचा किनाराच नाही. अटलांटिकमधील प्रवाहांनी तो चहूबाजूंनी वेढलेला आहे. त्या दिवशी फळ्यावरची जागा आम्ही रिकामीच ठेवली.