पडून राहण्याचे तास

“रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही,” अशी सत्तरीपुढच्या माणसाने तक्रार केली की घरातून दोन सल्ले ठरलेले असतात: लवकर झोपत जा, आणि झोप नाही आली तरी पडून राहा. दोन्ही मायेचे. दोन्ही चुकीचे.

हिशेब करून पाहा. रात्री नऊला पाठ टेकली, सकाळी सहाला उठले. अंथरुणात 9 तास, झोप जेमतेम साडेपाच. वाटीभर कणकेची पोळी परातीएवढी लाटायला गेलं तर ती जागोजागी फाटणारच. दीडची जाग, तीनची जाग, साडेचारनंतर छताकडे बघत काढलेला वेळ ही ती भोकं.

ही कणीक मळली जाते कशी? झोपेचे संशोधक अलेक्झांडर बोरबेली यांनी 1982 मध्ये मांडलेलं चित्र आजही वापरलं जातं. दिवसभर जागं राहिलं की झोपेचा दाब साठत जातो. मेंदूत जमणारं अडेनोसिन हे त्यामागचं एक मोठं कारण. चहातलं कॅफिन नेमकं त्याचीच वाट अडवतं. ते शरीरातून निम्मं व्हायला साधारण 5 तास लागतात, म्हणजे साडेचारच्या चहातलं निम्मं कॅफिन साडेनऊलाही अंगात असतं. दुपारी दोन तास ताणून दिली की साठलेला दाब तिथेच उतरतो. (वामकुक्षी हा शब्द डाव्या कुशीवर जरा आडवं होण्यापुरता आहे, घोरण्यासाठी नाही. तीनच्या आत, अर्धा तास पुरे.) दुसरी गोष्ट शरीराचं घड्याळ. ते वयाबरोबर पुढे सरकतं, म्हणून संध्याकाळीच पेंग येते आणि पहाटे लवकर जाग. गाढ झोपेचा वाटाही वयानुसार घटतो. तेव्हा विशीतली झोप परत आणण्याचा हट्ट मुळातच सोडायला हवा.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आर्थर स्पीलमन आणि सहकाऱ्यांनी 1987 मध्ये उलटाच उपाय मांडला: अंथरुणातले तास कापा. एक-दोन आठवडे वहीत झोपेची नोंद ठेवायची. सरासरी साडेपाच तास निघाली तर अंथरुणालाही साडेपाचच तास द्यायचे. पाचाखाली मात्र जायचं नाही. उठायची वेळ सहा, ती रोज तीच. म्हणजे झोपायला जायचं साडेबाराला! अंथरुणातल्या वेळापैकी 85 टक्के वेळ झोप लागू लागली (वयस्कांना 80 टक्केही चालतात) की पंधरा-पंधरा मिनिटं वाढवत न्यायची. पहिला आठवडा जड जातो, हे आधीच सांगितलेलं बरं. साडेबारापर्यंत जागायचं कसं, हाच बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो.

जोडीला मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांचा 1972 चा नियम आहे: अंथरूण फक्त झोपेसाठी. वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही तर उठून खुर्चीत बसायचं, पेंग आली की परत यायचं. दोन खोल्यांच्या घरात, टीव्हीसमोरच्या दिवाणावरच झोपणाऱ्याला हे अवघड आहे. तरी दिवसा तिथे न लोळणं जमतं.

पिट्सबर्ग विद्यापीठात 79 ज्येष्ठांवर याच तत्त्वांची छोटी आवृत्ती तपासली गेली. निष्कर्ष 2011 मध्ये आले. दोन भेटी, दोन फोन, चार आठवडे. शेवटी 55 टक्के जणांचा निद्रानाश गेला होता. नुसती माहितीपत्रकं मिळालेल्यांत हे प्रमाण 13 टक्के होतं. अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने 2016 मध्ये प्रौढांच्या जुनाट निद्रानाशावर झोपेच्या गोळीआधी अशीच वर्तनोपचार पद्धत सुचवली.

गोळीची भीती उगाच नाही. अल्प्राझोलामच्या कुळातली औषधं उतारवयात शरीरात रेंगाळतात. रात्री बाथरूमला उठताना तोल जातो, खुब्याचं हाड मोडतं, विसरभोळेपणा वाढतो. मात्र वर्षानुवर्षं घेतलेली गोळी एकदम बंद करणं धोक्याचं. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच सोडवावी लागते. ज्यांना फिट्स येतात, ज्यांना बायपोलर आजार आहे किंवा जे वरचेवर पडतात, त्यांनी तास कापण्याचा प्रयोग स्वतःहून करू नये. घोरताना श्वास अडकत असेल तर आधी त्याची तपासणी. लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी घेत असाल तर तिची वेळ बदलता येईल का, हेही विचारून घ्या.

आणि शेवटी, अनेकांची पहाटे फिरायला जायची सवय. सकाळचा प्रकाश शरीराचं घड्याळ आणखी पुढे ओढतो, संध्याकाळचा मागे. त्यातून वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं आणि घड्याळाला हवा असलेला निळसर प्रकाश कमीच आत पोचतो. साडेतीनलाच टक्क जागे होणाऱ्या आजोबांनी फिरायला जायची वेळ संध्याकाळी ऊन असतानाची करून पाहायला हरकत नाही. आठला डुलकी लागणार नाही, हा पहिला फायदा.