नदीतून आलेली मशीद

घर बांधायचे तर आधी पाया खणायचा, हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. काळी जमीन असली तर मुरूम लागेपर्यंत आपण खाली जातो. पण कॅनडाच्या पार उत्तरेला इनुविक नावाचे तीन-साडेतीन हजार वस्तीचे गाव आहे. तिथे असा पाया चालत नाही. उन्हाळ्यात वरची थोडी माती सैल होते, खालची मात्र बारमाही गोठलेली. घराच्या उबेने ती वितळली की घर खचलेच म्हणून समजा. म्हणून तिथली घरे खांबांवर उभी करतात आणि खालून वारा खेळता ठेवतात.

अशा गावात सुदान, लेबनॉन, इजिप्त इथून पोटामागे आलेले शंभरेक मुसलमान राहतात. कोणी टॅक्सी चालवतो, कोणाचे दुकान. नमाजासाठी त्यांच्याकडे होती एक लहानशी फिरती खोली. पुरुषच कसेबसे मावत, तिथे मुलाबाळांनी बसायचे कुठे?

गावात बांधावे तर लाकूड आणि गवंडी-सुतारांची मजुरी परवडेना. तेव्हा दक्षिणेतल्या विनिपेग शहरात, तिथल्या एका मुस्लिम धर्मादाय संस्थेच्या मदतीने, अख्खी इमारत तयार करून ती उत्तरेला न्यायचे ठरले. 2010 साली ती मालमोटारीवर चढली. आपल्याकडे उसाची गाडी अरुंद पुलावर आली की गाडीवानाचा जीव टांगणीला लागतो. इथे तर पुलावरून अख्खे घर न्यायचे होते! पुढे हे रिव्हर बंदरात ती तराफ्यावर चढवली, तीही हंगामातल्या शेवटच्या. तो चुकता तर नदी गोठून वर्षच वाया गेले असते. मॅकेन्झी नदी उत्तरेकडे वाहते. तिच्या प्रवाहाबरोबर सप्टेंबरात मशीद इनुविकला पोचली. एकूण प्रवास चार हजार किलोमीटरांवर झाला. मिनार तेवढा गावातच बांधला आणि नोव्हेंबरात दार उघडले. मुलांना शिकायला, बायकांना जमायला, सणाला एकत्र जेवायला आता हक्काची जागा झाली.

तिथे सूर्याचीही तऱ्हा न्यारी. उन्हाळ्यात पन्नासावर दिवस तो मावळतच नाही, हिवाळ्यात महिनाभर उगवत नाही. मग रोजा सोडायचा केव्हा? मंडळी दूरच्या एडमंटन शहराची वेळ धरतात. आपल्याकडे नमाजाला पश्चिमेकडे तोंड करतात. इनुविकहून मक्केची जवळची वाट मात्र ध्रुवाजवळून, जवळजवळ उत्तरेकडेच निघते.

माझा जन्म शेतीखात्यात गेला, त्यामुळे माझे लक्ष भाजीपाल्याकडे जाणारच. बर्फावरच्या हॉकीच्या एका जुन्या बंदिस्त मैदानाचे या गावाने हरितगृह केले आहे, आणि चोवीस तासांच्या उजेडात तिथे भाजी जोमाने वाढते. पण हंगाम अगदी आखूड. बाकी सगळे बाहेरून यायचे. नदीचे बर्फ फुटताना आणि धरताना नाव चालत नाही, बर्फावरून गाडीही जात नाही. रस्ता काही आठवडे बंद. ओढ्याला पूर आल्यावर वाडी तुटते, तसेच. महागाई विचारू नका. म्हणून मशिदीने पुढे गरजूंसाठी शिधावाटप सुरू केले. तांदूळ, पीठ, डबाबंद पदार्थ पिशव्यांत भरून ठेवतात. कोणत्या धर्माचा, हे विचारत नाहीत. नेणाऱ्यांत बरेच जण तिथले मूळ रहिवासी असतात, ज्यांच्या गावात ही मशीद परक्यासारखी तराफ्यावरून उतरली होती.