पाहुण्यांचा लॅपटॉप आणि कचेरीतला प्रिंटर

शाळेत प्रशिक्षण शिबिर आहे. बाहेरगावाहून आलेल्या मार्गदर्शक बाईंना लॅपटॉपमधले चार पानांचे टिपण छापून हवे आहे. पाहुण्यांसाठी असलेल्या वाय-फायचा पासवर्ड त्यांना दिलेला आहे, इंटरनेटही व्यवस्थित चालते. कचेरीतला प्रिंटर दोन हातांवर चालू स्थितीत आहे. तरीही लॅपटॉप सांगतो, ‘प्रिंटर सापडला नाही.’ शेवटी कोणीतरी कचेरीच्या वाय-फायचा पासवर्ड देऊन टाकतो आणि काम होते. पण हे काम कशाच्या बदल्यात झाले?

आधी प्रिंटर सापडतो कसा ते पाहू. नेटवर्कला जोडलेला प्रिंटर हा स्वतःच एक छोटा संगणक असतो आणि त्याला अंकांत लिहिलेला पत्ता असतो. नव्याने आलेल्या लॅपटॉपला हा पत्ता ठाऊक नसतो. म्हणून तो चक्क हाक मारतो : ‘इथे छापणारे कोणी आहे का?’ ही हाक २२४.०.०.२५१ या सामाईक पत्त्यावर जाते. प्रिंटर ती ऐकतो आणि आपले नाव व पत्ता कळवतो. वर्गात आपण ‘कंपासपेटी कोणाकडे आहे?’ असे विचारतो, तसाच हा प्रकार.

मात्र ही हाक वर्गाच्या चार भिंतींबाहेर जात नाही. या पत्त्यावरचे संदेश राउटरने पुढे पाठवायचे नाहीत, असा नियमच आहे. पाहुण्यांचे नेटवर्क म्हणजे शेजारचा वर्ग. वाय-फायची पेटी एकच असली, तरी ती दोन्ही नेटवर्कांतले संदेश वेगवेगळे ठेवते. म्हणजे हाताच्या अंतरावरचा प्रिंटर नेटवर्कच्या दृष्टीने भिंतीपलीकडे असतो. समजा, पत्ता पाहून तो हाताने भरला, तरी भिंतीवरचा पहारेकरी, म्हणजे फायरवॉल, संदेश अडवतो.

ही भिंत उगाच नाही. कचेरीच्या संगणकांवर मुलांचे गुण असतात, कर्मचाऱ्यांची माहिती असते, कधी पुढच्या आठवड्याची प्रश्नपत्रिकाही असते. पाहुणा सज्जनच असतो, पण त्याच्या लॅपटॉपमध्ये नकळत शिरलेल्या घातक प्रोग्रामची हमी कोण देणार? छपाईची यंत्रणाही निर्धोक नसते. २०२१ साली विंडोजच्या छपाई-सेवेत ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाची गंभीर त्रुटी उघडकीस आली. तिच्या आधारे परक्या माणसाला संगणकाचा पूर्ण ताबा घेता येत होता.

मग पाहुण्याला विन्मुख पाठवायचे का? मुळीच नाही. कचेरीची खिडकी आठवा. पालक खिडकीतून कागद आत देतात आणि दाखला घेऊन जातात, कपाटापर्यंत कोणी जात नाही. नेटवर्कमध्येही अशी खिडकी करता येते. प्रत्येक यंत्रात निरनिराळ्या सेवांसाठी क्रमांकित दारे असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. इंटरनेट छपाईच्या ‘आयपीपी’ या प्रमाणित पद्धतीसाठी ६३१ हा क्रमांक ठरलेला आहे. पाहुण्यांच्या नेटवर्कमधून फक्त प्रिंटरच्या पत्त्यावर आणि फक्त ६३१ क्रमांकाच्या दाराशी जाता येईल, असा नियम फायरवॉलमध्ये लिहितात. प्रिंटरलाच तिसऱ्या, स्वतंत्र नेटवर्कमध्ये ठेवणे अधिक चांगले. मग दोन्हीकडचे लोक त्याच्याशी बोलू शकतात, पण तो आपण होऊन कोणाशीही बोलणे सुरू करू शकत नाही.

आयपीपीचा आणखी एक फायदा आहे. पूर्वी प्रत्येक प्रिंटरसाठी वेगळा ‘ड्रायव्हर’, म्हणजे दुभाषा, लॅपटॉपमध्ये बसवावा लागे. आता लॅपटॉप प्रिंटरलाच विचारतो : कागद कोणता? रंगीत छापतोस का? दोन्ही बाजूंनी छापतोस का? २०१० साली आलेली ‘एअरप्रिंट’ पद्धत याच पायावर उभी आहे.

शाळेत नेटवर्कचा जाणकार नसेल तर? बऱ्याच प्रिंटरांना पेनड्राइव्हची खाच असते. पाहुण्याने टिपण पीडीएफ करून तिथे लावावे. कचेरीच्या संगणकात मात्र परका पेनड्राइव्ह घालू नये. प्रिंटरला यूएसबीची केबल थेट लॅपटॉपपासून जोडली, तरी नेटवर्कचा प्रश्नच उरत नाही.

दोन गोष्टी विसरू नयेत. प्रिंटरच्या व्यवस्थापनासाठी कारखान्यातून आलेला पासवर्ड आधी बदलावा. आणि छापलेला कागद ट्रेमध्ये पडून राहू देऊ नये. भिंत कितीही भक्कम केली, तरी ट्रेमधली प्रश्नपत्रिका कोणीही वाचू शकतो. काही प्रिंटर समोर उभे राहून सांकेतिक अंक दाबल्यावरच छापतात. तशी सोय असेल, तर ती जरूर वापरावी.

हा सारा खेळ वर्गातही करता येईल. दोन खोल्यांत मुले बसवा. एका मुलाला ‘प्रिंटर’ करून पहिल्या खोलीत बसवा आणि दुसरीतल्या मुलाला हाक मारू द्या. दार बंद असताना उत्तर येणार नाही. आता दाराच्या फटीतून फक्त चिठ्ठी सरकवण्याची परवानगी द्या. चिठ्ठी पोहोचते, मूल आत येत नाही. एवढे कळले की फायरवॉल कळलीच म्हणायची.