लेबलवर 'केजी' की 'केजीएस'? छापायला देण्याआधी हे शब्द तपासा

लेबल, कोटेशन आणि बोर्ड यांवरच्या इंग्रजीबद्दल व्हिडिओत बोललो, तेच इथे लिहून देतोय. प्रिंटरला फाइल पाठवताना समोर ठेवा. पाच हजार लेबलं छापून झाली की एका अक्षराची दुरुस्तीही महाग पडते.

१. वजन-मापाची चिन्हं

चटणीच्या पाकिटावर 'जीएम', 'जीएमएस', 'केजीएस' सर्रास दिसतं. पण ग्रॅमचं चिन्ह फक्त जी, किलोग्रॅमचं केजी. वजन कितीही असो, चिन्हाला अनेकवचन नसतं, म्हणून पुढे एस नाही आणि टिंबही नाही. अक्षरं छोटी ठेवा. मोठा के हे केल्व्हिनचं, म्हणजे तापमानाच्या एककाचं चिन्ह आहे. मिलिलिटरमधला एमही छोटाच, कारण मोठा एम म्हणजे मेगा, दहा लाख पट! पूर्ण शब्द लिहिलात तर मात्र 'दोन किलोग्रॅम्स' बरोबर.

हा फक्त व्याकरणाचा विषय नाही बरं का. लीगल मेट्रॉलॉजी कायदा, २००९ नुसार आपल्याकडची मापं आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीवर आधारलेली आहेत, आणि पॅकबंद मालासाठी २०११ चे वेगळे नियम आहेत. लेबल तपासणाऱ्याची नजर आधी तिथेच जाते.

२. एस न लागणारे शब्द

फर्निचर, इक्विपमेंट, मशिनरी, ज्वेलरी, लगेज. यांना इंग्रजीत अनेकवचन नाही. कोटेशनमध्ये 'फर्निचर्स', 'इक्विपमेंट्स' लिहू नका. वस्तूचं नाव लिहा (खुर्ची, टेबल, मिक्सर) आणि नग वेगळ्या रकान्यात टाका. हिशोबही स्वच्छ राहतो.

३. शास्त्रातून आलेले शब्द

बॅक्टेरिया हे आधीच अनेकवचन आहे, एक असेल तर बॅक्टेरियम. म्हणून 'बॅक्टेरियाज' चूक. तसंच क्रायटेरिया अनेकवचन, एकवचन क्रायटेरियन. फंगसचं फंगाय. डेटा मुळात डेटमचं अनेकवचन, पण रोजच्या इंग्रजीत तो एकवचनी वापरला तरी चालतो. शास्त्रीय लेखनात मात्र बरेच जण अजून अनेकवचनीच धरतात.

४. बोर्डावरची अक्षरं

'पिझ्झा'ला अनेकवचन करताना एसच्या आधी वरचा स्वल्पविराम, म्हणजे अपोस्ट्रॉफी देऊ नका. ती मालकी दाखवते: 'पिझ्झाचा'. टोमॅटो आणि पोटॅटोला ईएस, फोटोला नुसता एस. शेल्फचं शेल्व्हज, नाइफचं नाइव्हज. आणि वह्या-पेनांच्या दुकानाची स्टेशनरी शेवटी ई-आर-वाय. ए-आर-वाय लिहिलं तर अर्थ होतो 'स्थिर, न हलणारा'. एन्व्हलपचा ई लक्षात ठेवा, चुकणार नाही.

५. मराठी बोर्ड असेल तर?

मग मराठीचाच नियम. एक बॅग, दहा बॅगा. एक फाइल, चार फायली. पेन मात्र एकही पेन आणि दहाही पेन. मराठीत 'बॅग्स' लिहायची गरजच नाही.

गिऱ्हाईक चूक दाखवून देत नाही. पण मोठी ऑर्डर देणारा खरेदी अधिकारी कोटेशन वाचताना मनात नोंद करतो, की माणूस कागद नीट बघत नाही, मग माल कसा बघेल?

आज एवढंच करा: तुमचं एक लेबल आणि एक जुनं कोटेशन काढा, हातात लाल पेन घ्या आणि या पाच मुद्द्यांवर तपासा. दहा मिनिटांचं काम आहे!