मोटार-अपघात आणि चालकाचें कर्तव्य

अक्कलकोटाहून दुधनीवरून गाणगापुराकडे जाणारा रस्ता दत्तभक्तांच्या चांगल्या परिचयाचा आहे. याच रस्त्यावर दुधनीच्या बाजारपेठेकडे तुरीचीं पोतीं घेऊन निघालेल्या गाड्या असतात, हंगामांत उसानें लादलेले ट्रॅक्टर असतात, आणि रात्रीं त्यांच्या मागील बाजूस पुष्कळदां दिवाहि नसतो. अशा ठिकाणीं सावधपणें मोटार हांकणाऱ्या मनुष्याच्या हातूनहि क्षणाची चूक होऊं शकते. अपघात कसा टाळावा हें आपण वारंवार ऐकतों. परंतु तो घडून गेला, समोर एक माणूस रस्त्यावर पडला आहे आणि दोष कदाचित् आपलाच असेल अशी शंका मनांत आली, तर पुढें काय करावयाचें, याचा विचार आधीं करून ठेवणारीं माणसें थोडीं. तो विचार घरीं, शांतपणें केलेला बरा. कारण त्या क्षणीं बुद्धि ठिकाणावर राहत नाहीं.

पहिलें कर्तव्य थांबण्याचें. पळून जाण्याची इच्छा बहुधा दोन भयांतून उत्पन्न होते. एक जमावाचें, दुसरें तुरुंगाचें. दुधनीसारख्या सरहद्दीवरील गांवीं त्यांत आणखी एका मोहाची भर पडते. थोडें पुढें गेलें कीं राज्य बदलतें, मग कोण विचारतो! परंतु हद्द ओलांडल्यानें गुन्हा मागें राहत नाहीं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणें असा गुन्हा कोठेंहि घडलेला असो, त्याची खबर कोणत्याहि पोलीस ठाण्यावर देतां येते. जमावाच्या भयाची दखल तर खुद्द कायद्यानेंच घेतली आहे. मोटार वाहन कायदा, १९८८, याचें कलम १३४ सांगतें कीं, चालकानें जखमीस वैद्यकीय मदत मिळवून देण्याची सर्व वाजवी खटपट करावी; मात्र जमावाचा क्षोभ किंवा आपल्या आवाक्याबाहेरचें अन्य कारण आडवें आल्यास गोष्ट निराळी. म्हणून जिवावर बेतण्याची वेळ आलीच, तर तेथून दूर व्हावें. पण जावें तें थेट पोलीस ठाण्यावर, आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका व ११२ क्रमांकावर पोलीस यांना ताबडतोब कळवावें. जागेवर पोलीस हजर नसतील तर जवळच्या ठाण्यांत शक्य तितक्या लवकर, व फार तर २४ तासांच्या आंत, खबर देणें चालकावर बंधनकारक आहे.

तुरुंगाचें भयहि बरेंचसें अज्ञानमूलक असतें. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ प्रमाणें निष्काळजीपणानें मृत्यु घडविल्यास पांच वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. जुन्या दंडसंहितेंत ही मर्यादा दोन वर्षांची होती. शिक्षा वाढली खरी, तथापि हा गुन्हा जामीनपात्रच आहे. खबर न देतां पळणाऱ्या चालकासाठीं मात्र त्याच कलमाच्या दुसऱ्या भागांत दहा वर्षांपर्यंतची शिक्षा लिहिली गेली. मालमोटार-चालकांनीं जानेवारी २०२४ मध्यें केलेल्या आंदोलनानंतर तो भाग बाकीच्या संहितेबरोबर अंमलांत आणला गेला नाहीं. तरी चूक आणि पलायन यांपैकीं अधिक निंद्य काय मानलें गेलें, हें त्यावरून स्पष्ट होतें.

दुसरें कर्तव्य जखमीसंबंधींचें. इंजिन बंद करावें, धोक्याचे दिवे लावावेत आणि मागून येणाऱ्या गाड्यांस इशारा देण्यास कोणास तरी सुरक्षित अंतरावर उभें करावें. नाहीं तर एका अपघातांतून दुसरा उद्भवतो. रक्त वाहत असेल तेथें स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावें. मान किंवा पाठ दुखावल्याचा संशय असल्यास, आगीसारखा धोका नसतां, जखमीस हलवूं नये. पडलेल्या माणसाच्या तोंडांत पाणी घालण्याची आपल्याकडे दयाळू चाल आहे. येथें ती घातक ठरते. अर्धवट शुद्धींतील माणसाच्या श्वासनलिकेंत पाणी जाऊं शकतें, आणि पुढें शस्त्रक्रियेसाठीं भूल देतांना पोट रिकामें असणेंच इष्ट असतें. खर्च कोण सोसणार, या वादांत वेळ दवडण्याचेंहि कारण नाहीं. मे २०२५ मध्यें केंद्र सरकारनें लागू केलेल्या योजनेप्रमाणें अपघातग्रस्तास नेमलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेंत, रोख पैसे न भरतां उपचार मिळतात.

तिसरा प्रश्न बोलण्याचा. “चूक माझीच” असें ओरडणें किंवा “तोच आडवा आला” असें ठासून सांगणें, दोन्ही अविचाराचीं. समोरच्या गाडीला दिवा होता काय, वेग किती होता, रस्त्यावर खडी होती काय, हें सर्व पाहिल्याविना दोषाचा निवाडा होत नाहीं. कित्येकदां तो दोघांत वांटलेला आढळतो. आपण पाहिलें व केलें तेवढेंच खरेंखरें सांगावें, आणि गाड्या हलविण्यापूर्वीं शक्य तर छायाचित्रें घ्यावींत. मात्र पुरावा बदलण्याच्या फंदांत कधींहि पडूं नये. पुण्याच्या कल्याणीनगरांत १९ मे २०२४ रोजीं मोटारीच्या धडकेनें दोघे तरुण प्राणांस मुकले. पुढें रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टर आणि अल्पवयी चालकाचे आईबाप यांनाहि अटक झाली. एका क्षणाच्या अपघाताभोंवतीं सगळें घर कसें ओढलें जातें, त्याचें हें उदाहरण.

आतां तडजोडीविषयीं. खेड्यापाड्यांतून पंचांसमक्ष कांहीं हजार रुपये हातावर ठेवून प्रकरण मिटविण्याची रीत आहे. देणाऱ्यास ती उदारपणाची वाटते. पण आंतला मार कित्येकदां दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं उघड होतो, आणि पोलिसांत नोंद नसली कीं त्या गरिबाचा भरपाईचा मार्ग फार बिकट होतो. आपल्या देशांत १ जुलै १९४६ पासून मोटारमालकांवर तिऱ्हाइताच्या विम्याची सक्ति आहे, ती याचसाठीं. चालक चुकला तरी जखमीचा संसार बुडूं नये, हा तिचा हेतु. दावा मोटार अपघात न्यायाधिकरणापुढें चालतो. तो अपघाताच्या ठिकाणीं, प्रतिवादी राहतो तेथें, अथवा दावेदार राहतो किंवा धंदा करतो तेथेंहि लावतां येतो. म्हणजे दुधनीजवळ जखमी झालेल्या कलबुर्गीच्या मजुरास सोलापुरास खेटे घालावे लागत नाहींत. आपण मदत जरूर करावी, परंतु तिच्या मोबदल्यांत “तक्रार नाहीं” अशा कागदावर अंगठा घेऊं नये. विमा कंपनीस मात्र विमापत्राचा क्रमांक, अपघाताची तारीख, वेळ व स्थळ, जखमींचीं नांवें आणि चालकाच्या परवान्याचा तपशील लेखी कळवावा. हेंहि कलम १३४ चेंच फर्मान आहे.

यानंतरचे दिवस कठीण जातात. झोंप उडते, तोच प्रसंग डोळ्यांपुढें येत राहतो. असें फार दिवस चालल्यास डॉक्टरांचा सल्ला घेण्यांत कमीपणा नाहीं. जखमीच्या घरच्यांना भेटावें कीं नाहीं, हें त्यांची मनःस्थिति पाहून आणि वकिलास विचारून ठरवावें; न्यायालयाच्या तारखा मात्र चुकवूं नयेत. चुकीचें माप न्यायाधीश ठरवील. पण थांबलों कीं पळालों, खरें बोललों कीं खोटें, हें त्या पहिल्या तासांत सर्वस्वीं आपल्याच हातीं असतें, आणि रस्त्यावर पडलेल्या माणसाचें जगणें पुष्कळदां तेवढ्यावरच अवलंबून असतें.