अडचण येते, की आपण अडचणीपर्यंत जातो?

‘कम अप अगेन्स्ट’ हे तीन लहान शब्द इंग्रजीच्या पेपरात मुलांना हमखास गोंधळात टाकतात. ‘कम’ म्हणजे येणे, ‘अप’ म्हणजे वर, ‘अगेन्स्ट’ म्हणजे विरुद्ध. सुटे अर्थ जोडले तर काहीच हाती लागत नाही. तिन्ही मिळून अर्थ होतो : वाटेत अडथळा किंवा विरोध समोर उभा राहणे.

आपण मराठीत म्हणतो, ‘माझ्यापुढे अडचण आली.’ इथे चालून येते ती अडचण. इंग्रजीत मात्र चालणारा माणूस असतो : ‘आय केम अप अगेन्स्ट अ प्रॉब्लेम.’ म्हणून वाक्याची सुरुवात ‘प्रॉब्लेम’पासून करू नये, माणसापासून करावी. ‘अगेन्स्ट’नंतर ‘विथ’ किंवा ‘टू’ जोडू नये. थेट अडचणीचे नाव घ्यावे. कोल्हारहून लोणीच्या कॉलेजात जाऊ पाहणाऱ्या मुलीला पैशाची किंवा घरच्या नकाराची अडचण आली, तर तिथे हाच शब्दप्रयोग चपखल बसतो.

याचाच जोडीदार ‘फेस अप टू’. कटू वास्तव मान्य करून त्याला तोंड देणे, हा त्याचा अर्थ. पहिल्यात अडचणीशी फक्त गाठ पडते. दुसऱ्यात माणूस तिच्यापासून नजर चुकवत नाही.

हा फरक आपल्या इतिहासातही दिसतो. अहमदनगरला मिस फरार यांच्या संस्थेत अध्यापनाचे शिक्षण घेतलेल्या सावित्रीबाई फुले पुण्यात मुलींना शिकवू लागल्या आणि विरोध समोर उभा राहिला. १८४९ मध्ये फुले दांपत्याला घर सोडावे लागले, तेव्हा उस्मान शेख यांनी त्यांना आसरा दिला. १८५६ मध्ये सावित्रीबाई आजारपणामुळे माहेरी नायगावला होत्या. तिथून जोतिरावांना लिहिलेल्या पत्रात त्यांना फातिमाची काळजी वाटते. पण कितीही त्रास पडला तरी ती कुरकुर करणार नाही, असा भरवसाही त्या व्यक्त करतात. विरोधाशी गाठ पडणे आणि त्याला तोंड देणे, दोन्ही इथे आले.

आपण सब्रचा अर्थ पुष्कळदा ‘गप्प बसणे’ असा घेतो. पण आधी उंट बांधा, मग अल्लाहवर भरवसा ठेवा, ही प्यारे नबी (सल्ल.) यांची शिकवण घराघरांत ठाऊक आहे. सब्र आणि प्रयत्न हातात हात घालून चालतात.

म्हणून मुलगी ‘अडचण आली’ म्हणत घरी बसली, तर आई-वडिलांनी तिला विचारावे, ‘बेटा, आता पुढे काय करायचे?’ अडथळा चालणाऱ्यालाच लागतो. इन्शाअल्लाह, वाटही त्यालाच सापडते.